बुकिंग घेणाऱ्याचा परवाना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे भाड्याच्या गाड्यांविषयी आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न मुंबईतल्या कितीतरी घरांत आज उभा आहे आणि त्याविषयी चुकीची माहितीही पुष्कळ पसरलेली आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांची टूरिस्ट परमिटची एक गाडी आहे. ओळखीच्या लोकांचे फोन मीच घेत असे. हळूहळू काम वाढले आणि आता विमानतळ, शिर्डी, गणपतीपुळे अशी भाडी मी यजमानांच्या सात-आठ चालक मित्रांनाही देते आणि दर फेरीमागे थोडे कमिशन घेते. माझ्याकडे गुमास्ता, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंद आहे, उद्यम नोंदणीही आहे. भाचा म्हणतो की आता ॲप काढू या. आरटीओचा वेगळा परवाना लागतो असे कोणीतरी सांगितले. गाडी माझी नाही, मी ती चालवतही नाही, मग मला परवाना कशाचा? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नातले शेवटचे वाक्यच महत्त्वाचे आहे. भाड्याच्या गाडीला परवाना लागतो आणि चालकाला लायसन्स व बॅज लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु प्रवासी आणि गाडी यांच्यामध्ये उभे राहून भाडे ठरवणाऱ्या व्यक्तीकडेही कायदा स्वतंत्रपणे पाहतो, हे फारच थोड्यांना माहीत असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९३ नुसार सार्वजनिक सेवा वाहनांसाठी तिकिटे विकणारा किंवा अन्य प्रकारे गिऱ्हाइके मिळवून देणारा एजंट म्हणून कोणालाही परवान्याशिवाय काम करता येत नाही, आणि त्या परवान्याच्या अटी राज्य शासन ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीने याच कलमात ‘समुच्चयक’, म्हणजे आपण ज्यांना ॲपवाल्या कंपन्या म्हणतो त्यांचा समावेश झाला. प्रवाशाची चालकाशी गाठ घालून देणारा डिजिटल मध्यस्थ किंवा बाजारमंच, अशी समुच्चयकाची व्याख्या कायद्यात दिलेली आहे.

आता आपले काम यांपैकी कशात बसते ते पाहू. यजमानांच्या गाडीसाठी आपण फोन घेता, तेव्हा परमिटधारकाच्या घरचेच माणूस परमिटधारकाच्या वतीने भाडे ठरवत असते आणि प्रवाशाचा करार थेट गाडीमालकाशी होतो. या कामाला एजंटचा परवाना लागू नये, असे कलमाच्या शब्दांवरून माझे मत आहे. परंतु ज्या दिवशी आपण दुसऱ्याच्या गाडीसाठी गिऱ्हाईक मिळवून कमिशन घेऊ लागलात, त्या दिवसापासून आपण एजंट झालात. गाड्या दोन असोत की आठ, फोन घरातून घेतला जात असो की दुकानातून, त्याने फरक पडत नाही, कारण गाड्या किती असाव्यात याची कोणतीही किमान मर्यादा कलमात घातलेली नाही.

गुमास्त्याबद्दल स्पष्टच सांगते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि त्याची पोचपावती मिळते. ‘या पत्त्यावर व्यवसाय चालतो’ एवढेच ती पावती सांगते. उद्यम नोंदणी लघुउद्योग म्हणून सवलती मिळण्यासाठी असते आणि जीएसटी क्रमांक कराचा असतो. या तिन्हींपैकी एकही कागद प्रवासी वाहतुकीचे बुकिंग घेण्याची परवानगी देत नाही. तीन-तीन प्रमाणपत्रे चौकटीत लावून प्रामाणिकपणे धंदा करणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि चौथा कागद लागतो हे त्यांना कोणीच सांगितलेले नव्हते. म्हणून आपण विचारलेत याचे मला फार बरे वाटले.

परवान्याशिवाय एजंटचे काम केल्यास कलम १९३ नुसार पहिल्या वेळी १,००० रुपये दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा घडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही. समुच्चयकासाठी मात्र हाच दंड किमान २५,००० आणि कमाल १ लाख रुपये आहे. म्हणून भाच्याच्या ॲपबद्दल आताच सावध करते. फोनवर विचारपूस करून एखाद्या चालकाला भाडे देणे आणि प्रवाशाने बटण दाबताच चालकाशी गाठ पडेल अशी यंत्रणा उभारणे, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये समुच्चयकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा त्यांत परवान्याचे शुल्कच ५ लाख रुपये होते आणि सुरक्षा ठेव त्याहून वेगळी होती. शिवाय चालकाची पडताळणी, त्याच्या कामाच्या तासांवर मर्यादा, विमा, तक्रार निवारण अशा जबाबदाऱ्या होत्या. पुढे २०२५ मध्ये केंद्राने नवी तत्त्वे आणली आणि महाराष्ट्रानेही आपले समुच्चयक धोरण जाहीर केले. हे सगळे मोठ्या ताफ्याच्या कंपन्यांचे माप आहे. आठ गाड्यांच्या कामाला ते झेपणारे नाही.

‘मोठ्या कंपन्या तरी कुठे नियम पाळतात?’ असा प्रश्न आपल्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ७ मार्च २०२२ रोजी याच मुद्द्यावर आदेश दिला आणि परवाना नसलेल्या समुच्चयकांना १६ मार्चपर्यंत अर्ज करण्यास सांगितले. त्यानंतरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रॅपिडो या कंपनीला जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने विनापरवाना सेवा थांबवायला लावली आणि ७ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तिला दिलासा नाकारला. कंपनी मोठी असली तरी परवान्याची अट सुटत नाही, हे या प्रकरणांवरून दिसते.

तेव्हा आपण काय करावे? ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन एजंटच्या परवान्यासाठी लेखी विचारणा करा आणि अर्जाची पोच घ्या. अर्जाचा निकाल लागेपर्यंत इतरांच्या गाड्यांवरचे कमिशन थांबवावे, असा माझा सल्ला आहे. उत्पन्न घटेल याची मला जाणीव आहे, तरीही हेच सांगेन. दुसरा मार्ग असा, की सात-आठ जणांनी मिळून एक संस्था किंवा भागीदारी करावी आणि गाड्या व परमिटे रीतसर त्या संस्थेच्या नावावर करून घ्यावीत; मग बुकिंग घेणारी संस्थाच परमिटधारक असेल. याला वेळ आणि खर्च लागतो, परंतु पुढे वाढायचे असेल तर हा पाया पक्का आहे.

आणखी एक गोष्ट कायद्याची वाट न पाहता आजपासून सुरू करा. एक जाड वही घ्या आणि प्रत्येक बुकिंगची तारीख, वेळ, प्रवाशाचे नाव, कोठून कोठे, ठरलेले भाडे, गाडीचा क्रमांक आणि चालकाचे नाव तिच्यात लिहा. प्रत्येक चालकाचे लायसन्स, बॅज, परमिट, विमा आणि फिटनेस यांच्या प्रती मुदतीच्या तारखांसह ठेवा. भाड्याच्या नव्या गाडीला पहिली दोन वर्षे फिटनेस असतो, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावा लागतो. आठ गाड्यांच्या तारखा कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. माझ्या आईला पहाटेच्या विमानासाठी एकटीला गाडीत बसवताना मी नंबरपाटीचा फोटो काढून ठेवते. आपल्याला फोन करणाऱ्या घरांतही असेच कोणीतरी काळजीत जागे असते. त्यांनी रात्री दोन वाजता विचारले, ‘गाडी कोणाची आहे, चालक कोण आहे?’ तर त्या क्षणी उत्तर देता येणे, हे बुकिंग घेणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे असे मी मानते.

प्रश्न : माझी पांढऱ्या पाटीची सात आसनी गाडी आहे. गणपतीला मालवणला जाताना रिकाम्या जागांवर माणसे घेतली आणि सीटमागे ठरावीक पैसे घेतले तर चालते का? सोसायटीतले शेजारी विमानतळावर सोडल्याचेही पैसे देतात. – एक वाचक, बोरिवली

उत्तर : चुलतभावंडे एकत्र गावी निघाली आणि त्यांनी पेट्रोल व टोल वाटून घेतला, तर त्याला कोणी भाडे म्हणणार नाही. परंतु अनोळखी माणसांना सीटमागे ठरलेला दर लावून नेणे म्हणजे भाड्याने प्रवासी वाहून नेणे, आणि त्यासाठी कलम ६६ खालील परमिट लागते. ते नसताना गाडी वापरली तर कलम १९२-अ नुसार पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १०,००० रुपये दंड अशी तरतूद आहे, शिवाय कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. शेजाऱ्यांना एखाद्या वेळी सोडणे वेगळे. दर ठरवून नेहमी सोडू लागलात की तेही यातच येते. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेण्यासाठी गाडी वापरली असेल तर मात्र कायद्याने सूट दिली आहे, फक्त सात दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला तसे कळवायचे असते.

दंडापेक्षा मला विम्याची चिंता अधिक वाटते. खासगी गाडीच्या विमापत्रात ‘भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर नाही’ अशी अट छापलेली असते, आणि परमिट नसलेली गाडी भाड्याने वापरली गेली हा मुद्दा विमा कंपनीला बचाव म्हणून घेता येतो, हे कलम १५० मध्येच लिहिलेले आहे. कशेडी घाटात काही विपरीत घडले, तर गाडीचे नुकसान आणि सोबतच्या माणसांची भरपाई या दोन्हींचा भार आपल्यावर पडू शकतो. एका सीटच्या पैशासाठी राहते घर पणाला लावू नये. नियमित भाडी करायची असतील तर आरटीओत गाडीची नोंदणी बदलून घ्या, परमिट, फिटनेस आणि व्यावसायिक विमा घ्या, आणि पिवळी पाटी लावा. गाडी विजेवर चालणारी असेल तर पाटी हिरवीच राहते, फक्त अक्षरे पांढऱ्याऐवजी पिवळी होतात.

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला खासगी भाड्याची गाडी चालवतो. तो म्हणतो की ओळखीच्या माणसानेही थेट फोन केला तर त्याला भाडे घेता येत नाही. त्याच्याकडे लायसन्स असताना असे का? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : भाचा बरोबर सांगतो आहे. तिकडे रस्त्यावर हात दाखवून थांबवता येणारी टॅक्सी आणि आधी बुकिंग करूनच घेता येणारी खासगी भाड्याची गाडी, असे दोन वेगळे प्रकार आहेत. लंडनबाहेर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या प्रकाराला १९७६ चा कायदा लागू होतो. त्याप्रमाणे चालक, गाडी आणि बुकिंग स्वीकारणारा ऑपरेटर या तिघांना स्वतंत्र परवाने लागतात आणि ते एकाच स्थानिक परिषदेने दिलेले असावे लागतात. व्यवसाय म्हणून बुकिंग मागवणे किंवा स्वीकारणे हीच ऑपरेटरच्या कामाची व्याख्या असल्यामुळे, एकाच गाडीच्या मालकाने स्वतःच्या फोनवर भाडे घेतले तरी त्याला ऑपरेटरचा परवाना हवा. तो एरवी पाच वर्षांसाठी आणि चालकाचा तीन वर्षांसाठी मिळतो. बुकिंगची नोंद ठेवणे तिथे बंधनकारक आहे. २०१५ पासून दुसऱ्या परिषदेच्या हद्दीतल्या परवानाधारक ऑपरेटरकडे काम सोपवता येते, परंतु प्रवाशाच्या दृष्टीने ज्याने बुकिंग स्वीकारले त्याचीच जबाबदारी कायम राहते. हा शेवटचा नियम मला विशेष योग्य वाटतो आणि आपल्याकडच्या एजंटांनाही तो तितक्याच स्पष्टपणे लागू व्हावा असे वाटते. भाच्याने आपल्या परिषदेकडे एका गाडीपुरत्या ऑपरेटर परवान्याची चौकशी करावी.

प्रश्न : काळी-पिवळीवाल्याने जवळचे भाडे नाकारले तर काय करावे? आणि टूरिस्ट गाडीला मीटर का नसतो? – एक वाचक, परळ

उत्तर : काळी-पिवळी मीटरने चालते आणि तिचे दर परिवहन प्राधिकरण ठरवते, १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे ३१ रुपये झाले, आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत २५ टक्के जादा आकार असतो. टूरिस्ट गाडीचे भाडे करारातून ठरते, म्हणून निघण्यापूर्वी दर, टोल आणि परतीचा आकार मेसेजवर लिहून घ्यावा. नियमाविरुद्ध भाडे नाकारणे हा कलम १७८ खालील अपराध आहे आणि टॅक्सीसाठी त्याचा दंड ५०० रुपयांपर्यंत आहे. वाद घालत उभे राहू नका. गाडीचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ टिपून घ्या आणि त्याच दिवशी वाहतूक पोलिसांकडे किंवा आरटीओकडे लेखी तक्रार करा. क्रमांक आणि वेळ नसलेल्या तक्रारीवर कार्यालयाला काहीही करता येत नाही.