वाचकांचे प्रश्न : गॅरेज-वर्कशॉपमधल्या ट्यूबलाइट

प्रश्न : गॅरेज ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. एका लांब भिंतीला कामाचं बेंच लावलंय. छताच्या मधोमध एक ट्यूब आहे, तरी बेंचवर नीट दिसत नाही. आणखी किती ट्यूब लावाव्यात?

उत्तर : आधी हिशेब मांडू. दुरुस्तीच्या सर्वसाधारण कामाला ३०० लक्स उजेड पुरतो, म्हणजे दर चौरस मीटरवर ३०० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप). जागा १८ चौरस मीटर, म्हणजे कामाच्या उंचीवर ५,४०० ल्युमेन पोचायला हवेत. भिंती आणि छत पांढरे असतील तर ट्यूबच्या उजेडातला साधारण निम्मा तिथवर पोचतो. धूळ आणि ट्यूबचं वय यांच्यापोटी त्यातला आणखी पाचवा हिस्सा वजा करा. हाती उरतो ०.४. म्हणजे ट्यूबमधून १३,५०० ल्युमेन निघायला हवेत. चांगल्या प्रतीची ३६ वॅटची चार फुटी ट्यूब (टी-८, म्हणजे एक इंच जाडीची) साधारण ३,३०० ल्युमेन देते, तेव्हा चार ट्यूब झाल्या. भिंती नुसत्या विटांच्या किंवा काळवंडलेल्या असतील तर हाच हिशेब सहा ट्यूबपर्यंत जातो. म्हणून पट्ट्या (ट्यूब ज्यात बसते ती चौकट) लावण्याआधी भिंतींना आणि छताला पांढरा रंग द्या.

पण तुमची खरी अडचण संख्येची नाही, जागेची आहे. मधोमध ट्यूब असली की बेंचशी उभं राहिल्यावर ती पाठीमागे येते आणि डोक्याची-खांद्यांची सावली नेमकी व्हाइसवर (बेंचवरच्या शिकंज्यावर) पडते. तिथेच मधोमध चार ट्यूब लावल्या तरी सावली हटत नाही, उलट जास्त गडद होते. दोन जोडपट्ट्या मध्ये लावण्यापेक्षा चार सुट्या पट्ट्या घ्या आणि लांबीच्या दिशेने दोन रांगा करा. बेंचकडची रांग भिंतीपासून ५० सेंटिमीटरवर ठेवा. ६० सेंटिमीटर रुंदीच्या बेंचला हे अंतर बरोबर बसतं, कारण ट्यूब बेंचच्या पुढच्या काठाच्या किंचित आत येते आणि उजेड तुमच्या समोरून पडतो. दुसरी रांग समोरच्या भिंतीपासून ७५ सेंटिमीटरवर. प्रत्येक रांगेत पट्ट्यांचे मध्यबिंदू टोकाच्या भिंतीपासून दीड आणि साडेचार मीटरवर घ्या. गाडी आत असतानाही ही रचना उपयोगी पडते. मधल्या ट्यूबचा उजेड गाडीच्या टपावरच अडतो, बाजूच्या रांगांचा मात्र दारांवर आणि चाकांपर्यंत उतरतो.

वर सरकणारं दार असेल तर ते पूर्ण उघडून त्याची कड छतावर खडूने आखून घ्या. हे विसरलं की दार उघडं असताना पुढच्या दोन्ही ट्यूब त्याच्या वर झाकल्या जातात. बारीक काम असेल, सोल्डरिंग, खुणा आखणं, पाती लावणं, तर बेंचवर ५०० लक्स तरी हवेत. त्यासाठी छतावरच्या ट्यूब वाढवू नका. बेंचवरच्या फळीच्या खालच्या अंगाला, पुढच्या काठाशी, एक पट्टी लावा आणि ती डोळ्यांवर येऊ नये म्हणून काठाला आडपट्टी द्या.

प्रश्न : स्लॅबला बल्बचा जुना पॉइंट आहे. तिथे पत्र्याची ट्यूबपट्टी स्वतः बसवता येईल का?

उत्तर : त्या पॉइंटला तिसरी, अर्थिंगची वायर असेल तर येईल. नसेल तर आधी ती आणून घ्या, तोवर पत्र्याची पट्टी लावू नका. आतल्या चोकचं (ट्यूबची वीज आवरणाऱ्या भागाचं) इन्शुलेशन कधी ना कधी जातं आणि तेव्हा अख्ख्या पट्टीत करंट उतरतो. अर्थिंगची वायर ओढणं किंवा नवा पॉइंट काढणं हे मात्र परवानाधारक वायरमनचं काम आहे.

भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला त्या लाइनचा मुख्य खटका) खाली करा. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. तसं असेल तर बटण बंद असूनही पॉइंटवर फेज येत राहते. दोन टोकांचा टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर तपासा, मग पॉइंटच्या तिन्ही वायरींवर लावा, आणि परत त्याच सॉकेटवर. निऑन दिव्याच्या स्क्रूड्रायव्हरवर या कामात भरवसा ठेवू नका. कोरड्या लाकडी शिडीवर उभं राहिलं की तो पेटेलच असं नाही.

पट्टीचं झाकण काढून ती छताला धरा आणि भोकांच्या खुणा करा. पॉइंटकडून बटणाकडे आणि जंक्शन बॉक्सकडे जाणाऱ्या सरळ रेषेत ड्रिल करू नका, स्लॅबमधला वायरींचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. ६ मिलिमीटरच्या बिटने ४० मिलिमीटर खोल भोक, त्यात गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची खुंटी) आणि ३५ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. बिट सळईला लागलं तर जोर लावू नका, तीन सेंटिमीटर सरकून नवं भोक घ्या. भोकातली भुकटी फुंकून काढा (चष्मा लावून), नाहीतर गिट्टी पूर्ण आत बसत नाही आणि जड चोकची पट्टी काही दिवसांत सैल होते.

पत्र्याच्या ज्या भोकातून वायर आत येते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) बसवा. पत्र्याची कड वायरचं आवरण हळूहळू कापते. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरेशी आहे. आवरण ८ मिलिमीटरच सोला, तांबं कनेक्टरबाहेर दिसता कामा नये. वायरी पिळून वर टेप गुंडाळायची सवय इथे महागात पडते. चोकच्या उष्णतेने टेपचा गोंद सुकतो आणि जोड उघडा पडतो.

अर्थिंगच्या स्क्रूकडे नीट लक्ष द्या. पट्टीवरचा पावडर कोटिंगचा थर वीज अडवतो, त्यामुळे वायर घट्ट आवळली तरी पत्र्याशी तिची गाठ पडलेली नसते. स्क्रूभोवतीचा रंग चकाकता पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, मग वायरचा थिंबल (टोकाला बसवलेलं धातूचं कडं) आवळा. नंतर मल्टिमीटरचं एक टोक पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, रंग नसलेल्या जागी आणि दुसरं अर्थिंगच्या वायरला लावून पाहा. आकडा एक ओहमच्या आत असला पाहिजे.

ट्यूब होल्डरच्या खाचेत घालून पाव फेरा फिरवा, ‘कट’ असा आवाज येऊन ती बसते. नवी पट्टी लागत नाही अशी तक्रार आली की पहिला संशय अर्धवट फिरलेल्या ट्यूबचा घ्यावा.

छप्पर पत्र्याचं असेल तर पट्टी पत्र्याला अडकवू नका. तिथे भोक पडलं की गळती आलीच, शिवाय उन्हाने तापलेला पत्रा चोकचं आयुष्य कमी करतो. पर्लिनवरून (पत्र्याखालच्या आडव्या कैचीवरून) दोन साखळ्यांनी टांगा. भार साखळीवरच हवा, वायर सैल सोडा.

प्रश्न : लेथ चालू असताना कधीकधी चक (काम पकडून फिरणारा भाग) थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा दिसतो. हा ट्यूबचा दोष आहे का?

उत्तर : ट्यूबचा नाही, साध्या चोकचा. आणि ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, फिरत्या चकला हात लागण्याचा धोका खरा आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद होते आणि पुन्हा उजळते. तुमचा तीन जबड्यांचा चक मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ३३.३ फेरे, म्हणजे एक जबडा ज्या जागी होता तिथे पुढचा जबडा सेकंदाला बरोबर १०० वेळा येतो. दोन्ही आकडे जुळले की चक स्थिर दिसतो. फेरे किंचित कमी झाले की तोच चक उलटा सरकताना दिसतो.

उपाय सोपा आहे. लेथ, ग्राइंडर, गोल करवत यांच्यावरच्या पट्ट्यांना इलेक्ट्रॉनिक चोक लावा. तो ट्यूबला सेकंदाला वीस हजारांहून जास्त आवर्तनं देतो, त्यामुळे हा भास होत नाही. एलईडी ट्यूब घेतली म्हणून सुटका झाली असं समजू नका, स्वस्त ड्रायव्हरची (आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटची) एलईडीही १०० हर्ट्झने लुकलुकते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये तिचा व्हिडिओ घ्या. उजेड धडधडताना किंवा काळे पट्टे सरकताना दिसले तर ती ट्यूब मशीनवर लावू नका.

प्रश्न : जुन्या पट्टीत सरळ एलईडी ट्यूब घातली तर चालेल?

उत्तर : कोणती ट्यूब आहे त्यावर आहे. काही एलईडी ट्यूब साध्या चोकवर चालतात, त्यांच्यासोबत आलेला खास स्टार्टर (पट्टीत पिळून बसवायची, ट्यूब पेटवणारी छोटी डबी) जुन्याच्या जागी घालावा लागतो. काहींना थेट वीज लागते, त्यात चोक आणि स्टार्टर दोन्ही वायरिंगमधून काढायचे असतात. फेज-न्यूट्रल एकाच टोकाला द्यायचे की दोन टोकांना, हे ट्यूबवर छापलेलं असतं, तसंच जोडा. बदल केल्यावर ‘थेट वीज, फक्त एलईडी’ अशी चिठ्ठी पट्टीच्या आत डकवा, म्हणजे पुढे कोणी साधी ट्यूब घालणार नाही.

नव्याने सगळं करत असाल तर आमचं मत एलईडीकडे झुकतं. पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराच्या २०२३च्या बैठकीत २०२७ पर्यंत फ्लुरोसंट दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात बंद करायचं ठरलं आहे, पुढे बदली ट्यूब मिळणं अवघड होईल. चालू असलेल्या चांगल्या पट्ट्या मात्र उपटून टाकायची गरज नाही.

प्रश्न : एका ट्यूबची फक्त टोकं लाल दिसतात, ती पेटत नाही. दुसरी बटण बंद केल्यावरही अंधुक चमकते.

उत्तर : पहिलीचा स्टार्टर चिकटलाय. टोकं लाल असताना स्टार्टर पिळून काढा. ट्यूब लगेच पेटली तर नवा स्टार्टर घाला. तशीच चालू ठेवली तर टोकांच्या तारा जळतात आणि ट्यूबही जाते. दुसरीचं बटण बहुतेक न्यूट्रलवर आहे, वायरमनकडून ते फेजवर करून घ्या. बटणात निऑन दिवा असला तरी असं होऊ शकतं, तेही पाहून घ्या.

प्रश्न : लांब पाइप वळवताना ट्यूब फुटली. काय करावं?

उत्तर : आत थोडा पारा असतो. दार-खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा. काचा जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका, त्याने पारा हवेत पसरतो. सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरून घातक कचऱ्यात द्या. नव्या ट्यूबवर तारेची जाळी किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची नळी चढवा, लांब सामान हाताळता त्या जागी ती हवीच.