पसंतीच्या भेटबॉक्सचा स्टॉक टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कसा ठेवावा? प्रत्येक जोडणीला वेगळा आयटम करू का?

तुमचं इंदूरला दिवाळीच्या भेटबॉक्सचं काम आहे, ग्राहक नऊ नमकिनांतली कुठलीही चार निवडतो, आणि तुम्ही प्रत्येक प्रकाराला स्टॉक आयटम काढायला निघालात. नका काढू. नवातून चार म्हणजे १२६ जोडण्या. त्यात काजू-बदाम-मनुका यांतला एक मेवा आणि दोन मापांचे बॉक्स धरले की ७५६. काउंटरवरचा मुलगा एवढी यादी वाचत बसणार नाही, वरचं नाव टाकून मोकळा होईल.

मापागणिक एकच आयटम ठेवा. बीओएममध्ये (एका बॉक्सला काय किती लागतं त्या यादीत) फक्त न बदलणारा माल: रिकामा बॉक्स १, रिबन १.२ मीटर, कागदाची कात्रण ४० ग्रॅम, कार्ड १. स्टॉक जर्नलखाली नवा व्हाउचर टाइप काढून त्याला मॅन्युफॅक्चरिंग जर्नल करा, म्हणजे सुटा माल खर्ची टाकून तयार बॉक्स जमा करणारी नोंद. बॉक्स भरला की त्यात बीओएमचा माल आपोआप उतरतो, त्याखाली त्या ऑर्डरची चार नमकिनं आणि मेवा हाताने जोडायचा. मजुरी अ‍ॅडिशनल कॉस्टमध्ये, ऑर्डर नंबर नॅरेशनमध्ये (खालच्या शेऱ्यात). हे जर्नल न करता थेट बिल फाडलं की बॉक्स उणे ६३ दिसतो आणि लौंग सेव कागदावर भरलेलीच राहते.

किलोच्या युनिटला दशांश ३ ठेवा. दोनच असले तर १२५ ग्रॅमची नोंद नीट बसत नाही.

बॉक्स-रिबन सरळ पॅकिंग खर्चात टाका, असं सांगणारे तुम्हाला भेटतील. माझा या मंडळींशी दर दिवाळीला वाद होतो. काजू संपले तर इंदूरच्या सियागंज बाजारातून तासाभरात येतात; नाव छापलेला बॉक्स संपला तर छापणारा आठवडा मागतो. ज्या वस्तूवाचून काम अडतं तिचीच मोजणी सोडायची, हा कुठला हिशेब? रीऑर्डर लेव्हल, म्हणजे साठा किती उरला की नवा मागवायचा तो आकडा, आधी बॉक्सला लावा, मेव्याला नंतर.

आता तूट. काजूचा १० किलोचा डबा कागदावर २५० ग्रॅमचे ४० पुडे देतो. घाईत २५८ ग्रॅम पडतात आणि ३८ पुड्यांवर डबा आटोपतो. २४० बॉक्सांत ८ ग्रॅमप्रमाणे १ किलो ९२० ग्रॅम गेले, चोरी कोणाचीच नाही. मोजणीला बसलात की आधी फरकाची तऱ्हा बघा. सगळ्याच वस्तू थोड्या थोड्या कमी असतील तर दोष काट्याचा. बदाम जेवढे कमी तेवढेच काजू जास्त निघाले तर अदलाबदल झालीये: काजू संपल्यावर बदाम भरले आणि जर्नलमध्ये काजूच राहिले. ती ओळ त्याच वेळी बदलायची. महिनाअखेरीस कोणाला आठवत नाही.

जीएसटीचं विसरू नका. वेगवेगळा माल एकाच किमतीत विकला की ती मिक्स्ड सप्लाय, आणि कर सगळ्यांत चढ्या दराने. नमकीन, मेवा दोन्ही ५ टक्क्यांवर; ९०० रुपयांच्या बॉक्सवर ४५ रुपये. कोणाच्या हौसेखातर त्यात १८ टक्क्यांची परफ्यूमची बाटली घातली की तोच कर १६२ होतो. बाटली वेगळी विका, वेगळी किंमत लावा. मात्र विकायचं एकाच किमतीत आणि बिलावर फक्त ओळी फोडायच्या, हे चालेल असं धरू नका, सीएला विचारा.

दिवाळीनंतर उरलेले बॉक्स फोडायचे असतील तर स्टॉक जर्नल उलटं करा: बॉक्स खर्ची, माल जमा. रिबन आणि कात्रण जमेला धरू नका, ती परत वापरण्याजोगी राहत नाही. मुदत टळलेलं नमकीन राइट-ऑफ केलंत तर त्यावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावं लागतं, म्हणून त्याचं वजन वेगळं लिहून ठेवा.

तयार, ठरावीक बॉक्स विकत असाल तर मात्र पूर्ण बीओएम करा. वरची हाताने जोडायची भानगड फक्त पसंतीच्या मालापुरती.