इनिशिएशन म्हणजे नक्की काय ओ?

प्रश्न: नमस्कार सर. आमचा पोरगा यंदा बाहेरगावी इंजिनिअरिंगला गेला. कॉलेजच्या मेलमध्ये 'इनिशिएशन ऑफ क्लासेस' म्हणून तारीख होती, मी म्हटलं ठीकाय, सुरुवात असेल. मग भावोजींनी कुठल्यातरी क्लबचा फॉर्म आणला, त्यात वर्षाची वर्गणी वेगळी आणि 'इनिशिएशन फी' वेगळी. आणि परवा पोरगा फोनवर म्हणतोय की सिनियर पोरांनी हॉस्टेलवर रात्री दहाला इनिशिएशन ठेवलंय, नवीन सगळ्यांनी यायचंय. डिक्शनरी उघडली तर त्यात 'दीक्षा' लिहिलंय. आता फीची कसली दीक्षा आणि रात्री दहाला कसली दीक्षा ओ?
– एक ताई, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, तुमचं तिसरं इनिशिएशन आधी घेतो, बाकीची दोन थांबू शकतात. रात्री दहाचं ते म्हणजे सरळ रॅगिंग असण्याची शक्यता जास्त. गटात घ्यायच्या आधी नवीन माणसाला काहीतरी करायला लावायचं, नाचायला, शिव्या खायला, रात्रभर उभं राहायला, यालाही इंग्रजीत इनिशिएशनच म्हणतात आणि तेवढ्यानं त्याला उगाच एक इज्जत मिळते. आपल्याकडं महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. पोराला सांगा जायचं नाही, आणि जबरदस्ती झालीच तर 1800-180-5522 ही देशभराची हेल्पलाईन आहे, तिथं लगेच फोन लाव म्हणावं. सिनियर म्हणतीलच, 'काय बे, एवढ्याला घाबरतो?' म्हणू द्या.

आता शब्दाकडं येऊ.

मुळात लॅटिनमध्ये 'इनिशियम' म्हणजे आरंभ, आणि त्याच्याही पोटात 'आत जाणे' असा अर्थ बसलाय, इन म्हणजे आत आणि इरे म्हणजे जाणे. गंमत अशी की ग्रीक लोकांच्या गुप्त पूजाविधींना रोमन लोक हाच शब्द अनेकवचन करून लावायचे. म्हणजे 'सुरुवात' आणि 'आतल्या गोटात प्रवेश' हे दोन्ही अर्थ त्या शब्दात दोन हजार वर्षांपासून एका घरात नांदतायत, इंग्रजीनं नवीन काही केलं नाही, आहे तसं उचललं.

मराठीत मात्र आपण ही दोन घरं पहिल्यापासून वेगळी ठेवली, कामाची ती सुरुवात आणि माणसाची ती दीक्षा, म्हणूनच तुमचा घोटाळा झाला. यावर माझा एक साधा उपाय आहे, पुढचा बारका शब्द बघायचा. 'इनिशिएशन ऑफ' आलं आणि पुढं एखादं काम असलं की ते काम सुरू झालं. क्लासेस, चौकशी, औषधोपचार, काहीही. 'इनिशिएशन इंटू' आलं की कुणीतरी माणूस कशाच्या तरी आत गेला. बाळंतपणाच्या वॉर्डात डॉक्टर 'अर्ली इनिशिएशन ऑफ ब्रेस्टफीडिंग' म्हणतात, म्हणजे जन्मल्यावर पहिल्या तासात बाळाला अंगावर पाजणं, तिथं कुणी दीक्षा देत नाही. बारावीच्या केमिस्ट्रीत पॉलिमर तयार होताना पहिली पायरी इनिशिएशन, तिथंही नुसती सुरुवात.

भावोजींची फी म्हणजे आपल्या पतसंस्थेत असते ती प्रवेश फी. सभासद होताना एकदाच भरायची आणि शक्यतो परत न मिळणारी, वर्गणी मग दरवर्षी वेगळी. आत शिरायचे पैसे आहेत ओ ते. परत मिळते का नाही हे फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं, सही करायच्या आधी चष्मा लावून वाचायला सांगा.

आता दीक्षा. हा शब्द आपल्या सोलापूरकरांना डिक्शनरीतून शिकायची गरजच नाही. लिंगायत घरात गुरू इष्टलिंग देतात ती दीक्षा. वारकरी माणूस 'दीक्षा' म्हणत नाही, तो माळ घालतो, आणि एकदा घातली की मटणाच्या पंगतीला त्याला कुणी आग्रहसुद्धा करत नाही. अक्कलकोटला, गाणगापूरला जाणारे अनुग्रह घेतात. मुंजीला उपनयन म्हणतात, म्हणजे 'जवळ नेणे', पोराला गुरूच्या जवळ नेणे, बघा, लॅटिनवाले आत जातात आणि आपण जवळ नेतो, फरक तेवढाच. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्माची दीक्षा घेतली, त्या जागेला आपण दीक्षाभूमीच म्हणतो. यातल्या कशालाही इंग्रजीत लिहिताना इनिशिएशन चालतं, पण उलटं करताना विचार करायचा. मराठीत माळेला माळ म्हणावं आणि अनुग्रहाला अनुग्रह, सगळ्याला सरसकट दीक्षा म्हटलं की चव जाते.

आणि दीक्षा म्हणजे दरवेळी इनिशिएशन असतंच असंही नाही. पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू शेजाऱ्यांना विचारा. अय्यप्पाची दीक्षा घेतली म्हणजे एक्केचाळीस दिवस काळे कपडे, अनवाणी, जमिनीवर झोप, आणि नंतर माळ उतरवायची. ते व्रत आहे, मुदतीचं. तेलुगूत तर मागण्यांसाठी उपोषणाला बसले तरी दीक्षाच म्हणतात. त्याला इंग्रजीत कुणी इनिशिएशन लिहिलं तर वाचणारा चक्रावेल.

'दीक्षित' आडनाव तर ऐकलंच असेल, ज्याला यज्ञाची दीक्षा मिळाली तो. इंग्रजीत अशा माणसालाही 'इनिशिएट' म्हणतात, क्रियापदासारखंच स्पेलिंग, पण नाम असेल तर शेवट 'एट' असा लांबवायचा नाही, 'इट' असा आखूड म्हणायचा. बोलताना हे फार जणांचं चुकतं, माझंही कॉलेजात चुकायचं.

राहिलं उद्घाटन. मागं एका छपाईवाल्याकडं बसलो होतो, समोर टेबलावर साडीच्या दुकानाच्या कार्डाचं प्रूफ पडलेलं, वर गणपती, खाली सोनेरी अक्षरात 'शॉप इनिशिएशन सेरेमनी'. मी म्हटलं, अहो मालक, असं छापलं तर दुकानात गिऱ्हाईकाच्या कानात मंत्र देणार की काय? तो म्हणाला, पार्टीनंच लिहून दिलंय, मी कशाला बदलू. दुकानाला 'इनॉग्युरेशन' किंवा साधं 'ओपनिंग', नाहीतर आपलं 'शुभारंभ' आहेच की, त्याच्याएवढा कार्डावर शोभणारा शब्द इंग्रजीत मला तरी सापडलेला नाही. नोकरीत नवीन माणसाला पहिले दोन दिवस सगळं दाखवतात त्याला 'इंडक्शन', तेही इनिशिएशन नाही.

प्रश्न: 'इनिशिएशन' आणि 'इनिशिएटिव्ह' एकच का? आणि 'कमेन्समेंट'चा यांच्याशी काही संबंध आहे का?
– एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर: एक नाही. इनिशिएटिव्ह म्हणजे पुढाकार. 'त्यानं इनिशिएशन घेतलं' असं ऑफिसात ऐकू येतं, ते चूक, 'इनिशिएटिव्ह घेतला' म्हणायचं. नावाची 'इनिशियल्स' म्हणजे आद्याक्षरं, तीही याच खानदानातली.

कमेन्समेंटचं विचारलंस ते बरं केलंस, तेही मुळात त्याच लॅटिन शब्दावरून आलंय, फक्त फ्रेंचमधून फिरून आल्यामुळं ओळखू येत नाही. अमेरिकेत पदवीदान समारंभाला कमेन्समेंट म्हणतात, म्हणजे आरंभ. आणि आपल्या विद्यापीठात त्याच कार्यक्रमाच्या पत्रिकेवर काय असतं? दीक्षांत. म्हणजे दीक्षेचा शेवट. तोच गाऊन, तोच डिग्रीचा कागद, तिकडं सुरू झालं म्हणतात आणि इकडं संपलं.