खुळखुळणारी बाटली

‘एकदा सुरू केली की ही गोळी सुटत नाही म्हणतात. खरं आहे का हो?’

थायरॉईड कमी पडतंय असं कळलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की समोरचा ‘एकदा’ म्हणाला की पुढचं वाक्य मला पाठ असतं. वास्तविक हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा. पण तिथे नुसती मान डोलावली जाते, आणि प्रश्न माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतो. तोही बहुधा निघता निघता, पायात चपला सरकवताना. म्हणून मृणालची हकिगत सांगते. नाव अर्थातच बदललं आहे.

मृणाल चाळिशीच्या उंबरठ्यावरची. एका कंपनीचे हिशेब सांभाळायची. माझ्याकडे आली ती थायरॉईडसाठी नाहीच. ‘कशात मन लागत नाही, सकाळी उठवत नाही आणि घरचे आळशी म्हणतात,’ ही तिची तक्रार. पहिल्याच भेटीत मी रक्ततपासणीबद्दल विचारलं. हा माझा जुना नियम. मरगळ, वाढलेली झोप, विसराळूपणा, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, कोरडी पडलेली कातडी यांतलं दोन-तीन काही दिसलं, की थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएचचा आकडा पाहिल्याशिवाय मी मनाच्या गोष्टींना हात घालत नाही. थायरॉईड मंदावलेल्या माणसाला ‘जरा उत्साही राहा’ सांगणं म्हणजे तेल संपलेल्या दिव्याची वात वर करत बसणं.

‘थायरॉईडची गोळी चालू आहे मॅडम. वर्ष झालं,’ ती म्हणाली. माझं समाधान झालं, आणि तिथेच मी चुकले. ‘चालू आहे’ म्हणजे रोज पोटात जाते आहे, असं मी धरून चालले. पुढच्या तीन भेटी आम्ही ‘आळशी’ या एका शब्दावर खर्च केल्या.

चौथ्या भेटीला ती फाइल घेऊन आली. डोळे भरलेले. वर्षभरात डोस ५० मायक्रोग्रॅमवरून ७५ आणि मग १०० झाला होता, तरी टीएसएच १२ च्या खाली यायला तयार नव्हता. (प्रयोगशाळेगणिक थोडा फरक पडतो, पण मोठ्या माणसांत साधारण ०.४ ते ४ धरतात.) गंमत म्हणजे त्याच कागदावर फ्री टी-फोर (थायरॉईड बनवते त्या संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण) मर्यादेच्या वरच्या टोकाला होता. शिवाय मधूनमधून छातीत धडधड.

‘मला हे औषध लागू पडत नाही. उलट बाधतंय. बंदच करते.’

‘कुठली गोळी आहे, बघू बरं,’ मी म्हणाले. मला फक्त नाव वाचायचं होतं.

तिने पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. शंभर गोळ्यांची. ठेवताना ती खुळखुळली.

‘ही कधी उघडली?’

‘डोस वाढवला तेव्हा. चार महिने झाले अस...’

ती थांबली. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारी बाई. शंभर गोळ्या आणि चार महिने, हे गणित तिला माझ्याआधी सुटलं. तिने बाटलीच्या झाकणावर तळवा दाबून धरला, जणू आवाज अजून येतच होता. मीही काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं ही या कामातली सर्वांत उशिरा जमणारी गोष्ट. मला जमायला दहा वर्षं लागली.

‘डॉक्टरांना सांगू नका,’ शेवटी ती म्हणाली.

‘तुम्हाला विचारल्याशिवाय मी कुणालाच काही सांगत नाही. पण त्यांना काय कळायला नको?’

‘मी रोज नाही घेत. हातच होत नाही. तपासणीला आठ-दहा दिवस राहिले की मग न चुकता घेते. कधी दोन-दोन.’

‘आणि रक्त द्यायच्या दिवशी?’

‘त्या दिवशी तर सकाळी उठल्या उठल्या!’

तपासणी ही तिच्या लेखी परीक्षा होती, आणि ती आदल्या रात्री पुस्तक उघडत होती.

मी डॉक्टर नाही, डोसबद्दल एक अक्षर बोलत नाही. पण कागद कसा वाचायचा एवढं इतक्या वर्षांत कळलं आहे. टीएसएच थायरॉईडमधून येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला ‘काम वाढव’ असा जो निरोप धाडते, तो म्हणजे टीएसएच. थायरॉईड कमी पडलं की तिचा आवाज चढतो, आणि चढलेला आवाज लगेच खाली येत नाही. लिव्होथायरॉक्सिन म्हणजे ही गोळी. तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच जवळजवळ सात दिवस जातात, आणि टीएसएच नव्या जागी स्थिरावायला सहा ते आठ आठवडे. म्हणून तर डोस बदलल्यावर दीड-दोन महिन्यांनी तपासणी सांगतात. टी-फोर मात्र थोडे दिवस गोळ्या पोटात गेल्या की चढलेला दिसतो. गोळी घेऊन दोन-तीन तासांत रक्त दिलं तर आणखीच.

मी फाइलवर बोट ठेवलं. ‘या रकान्यात तुमचा गेला आठवडा आहे. आणि या रकान्यात गेले दोन महिने.’

ती त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग हसली. चार भेटींत पहिल्यांदाच.

‘म्हणजे रोकड जुळत होती, खातं जुळत नव्हतं.’

इतकं नेमकं मला सुचलं नसतं. डॉक्टर बिचारे समोरचा कागद खरा मानून डोस वाढवत होते, आणि वाढलेला डोस ती सवय नसलेल्या शरीरात एकदम लोटत होती. धडधडेल नाही तर काय?

इथवर सगळं कागदावरचं. माझं काम याच्या पुढे होतं, कारण ‘नियमित घ्या’ हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. नवरा तर रोज सकाळी ‘अगं, गोळी घेतलीस का?’ म्हणून विचारायचा आणि ती रोज ‘हो’ म्हणायची.

‘गोळी हातात घेतली की काय दिसतं?’ मी विचारलं.

‘आईचा डबा.’

सात कप्प्यांचा प्लॅस्टिकचा डबा. आई दर रविवारी रात्री तो भरायला बसायची. एकेक झाकण लावताना टक् असा आवाज यायचा. सात टक्. मृणाल शेजारच्या खोलीतून ते मोजायची. ‘तेव्हाच ठरवलं होतं, आपलं असं होऊ द्यायचं नाही.’

‘गोळी घेतली तर काय होईल?’

‘मी आजारी आहे हे सिद्ध होईल.’

‘आणि नाही घेतली तर?’

ती थांबली. ‘आजारी असेनच. फक्त सिद्ध होणार नाही.’

माझी घडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांवर झाली आहे, हे मी कधी लपवत नाही. माणूस घटनेने जितका पिचतो त्याहून जास्त ‘असं असताच कामा नये’ या स्वतःच्या हट्टाने पिचतो, हे मला रोज दिसतं. मृणालच्या बाबतीत ग्रंथी मंदावणं ही घटना. ‘मी गोळीवाचून धडधाकट असलंच पाहिजे’ हा हट्ट. गोळी घेत नव्हती ती विसरभोळेपणाने नाही, आळसाने तर मुळीच नाही. ती तत्त्वाने घेत नव्हती! आणि तीन भेटी मी तिला ‘तुम्ही आळशी नाही’ हे पटवत बसले होते. ज्या दिशेला भांडण नव्हतंच तिकडे तोंड करून लढत होते मी.

मग तिने तोच प्रश्न विचारला. आयुष्यभर घ्यायची का?

मी तिला जॉर्ज मरे यांची गोष्ट सांगितली. १८९१ पर्यंत या आजारावर औषधच नव्हतं. माणूस सुजत, थंडावत, मंद होत जायचा. त्या वर्षी या इंग्लिश डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. तिची तब्येत सुधारली, आणि औषध चालू ठेवून ती पुढे २८ वर्षं जगली.

मृणाल जरा विचार करून म्हणाली, ‘तिने विचारलं असेल का, किती दिवस घ्यावं लागेल म्हणून?’

या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. तिला ते नकोही होतं.

आता वाचणाऱ्यांसाठी. या गोळीचं व्यसन लागत नाही. ग्रंथी जे बनवते तेच रसायन गोळीत असतं. आपल्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथी हळूहळू निकामी केली असेल (याला हाशिमोटोचा आजार म्हणतात) किंवा शस्त्रक्रियेत ग्रंथी काढली असेल, तर गोळी बहुधा कायमची. पण बाळंतपणानंतर किंवा विषाणूमुळे ग्रंथीला आलेली सूज कित्येकदा ओसरते, आणि मग गोळी थांबूही शकते. ते ठरवणार डॉक्टर. टी-फोर ठीक आणि टीएसएच जरासाच वर असेल, तर बरेच डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मगच ठरवतात. त्याला दिरंगाई समजू नका. क्वचित दोष पिट्युटरीतच असतो. तेव्हा निरोप्याच आजारी असल्यामुळे एकट्या टीएसएचवर विसंबता येत नाही, टी-फोर पाहावा लागतो.

गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा ते एक तास चहा-कॉफी, नाश्ता काही नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. तपासणीच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण काही तपासण्यांत त्याने आकडे चुकतात. ते निदान दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात. दिवस राहिल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण गरज बहुधा वाढते. अशा वेळी घाबरून गोळी बंद करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि ‘बरं वाटतंय तर अजून थोडी वाढवू’ हेही नको. जास्तीच्या डोसने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. वयस्क आणि हृदयविकार असलेल्यांना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात ती यासाठीच.

वजनाबद्दल एकच सांगते. वाढलेल्या वजनाचा थोडाच वाटा थायरॉईडचा असतो. टीएसएच नॉर्मल आला तरी काटा जिथल्या तिथे दिसला, म्हणून औषधावर रुसू नका.

डॉक्टरांना काय सांगायचं ते वाक्य मृणालने माझ्या खोलीतल्या रिकाम्या खुर्चीला तीनदा सांगून पाहिलं. ‘मी गोळ्या नियमित घेतलेल्या नाहीत.’ तिसऱ्यांदा आवाज कापला नाही. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा ५० पासून सुरुवात केली. दोन महिन्यांनी टीएसएच ६ च्या आसपास आला, मग डोस ७५ झाला, आणि पुढच्या वेळी आकडा २.८. दुपारचा थकवा तरीही उरला होता. तपासल्यावर लोह कमी निघालं. त्याची गोळी ती आता संध्याकाळी घेते.

शेवटच्या भेटीत तिने एक वही दाखवली. तारखा, बरोबरच्या खुणा, आणि मध्ये लाल शाईत दोन फुल्या. पुढे लिहिलं होतं, ‘प्रवास. विसरले.’

‘डॉक्टरांना दाखवली?’

‘दाखवली ना. म्हणाले, दोनच?’