दर आठवड्याला कूलंट कमी होतं, गाडी गरम होते, मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलू का?

भाऊ, एवढ्यात खोलू नका. हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडर आणि त्याच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली गळती रोखणारी पातळ पट्टी. तुम्ही लिहिलंय, गाडी म्हणजे बारा वर्षांची 200 सीसीची बाइक. भुसावळात फाटकापाशी थांबलं की तापते आणि हायवेला लागली की टेंपरेचर उतरतं. गॅस्केट गेलेली गाडी सहसा उलटं वागते, चढावर, लोडवर जास्त तापते. हवा लागली की शांत होणाऱ्या गाडीत मी आधी रेडिएटरचा फॅन बघतो. फ्यूज तपासा. मग फॅनचं कनेक्शन सोडवून थेट बॅटरीवरून 12 व्होल्ट द्या. फिरला तर मोटर चांगली. मग रिले (फॅनला करंट देणारा स्विच), तापमानाचा सेन्सर, वायरिंग बघा. रेडिएटरच्या जाळीत धूळ, चिलटं बसली असतील तर साध्या नळीनं धुवा. वॉशिंगवाल्याच्या प्रेशरनं पाती वाकतात.

आता कूलंट जातंय कुठं? माझ्याही गाडीखाली कधी थेंब दिसला नव्हता, म्हणून मीही गॅस्केटच धरून बसलो होतो. गळती बारीक असली की कूलंट गरम इंजिनवर जागच्या जागी वाळतं. एका सकाळी टॉर्च घेऊन खाली वाकलो, तर वॉटर पंपाखालच्या (कूलंट फिरवणारा पंप) बारीक भोकाशी हिरवट-पांढरी खपली जमलेली. बोट लावलं तर चिकट. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून कूलंट आलं तर पंपाचं कूलंट अडवणारं मेकॅनिकल सील गेलं, ऑइल आलं तर ऑइल सील. कोणी 'बुजवून देतो' म्हटलं तर अजिबात बुजवू देऊ नका. गळणाऱ्या कूलंटला बाहेरची वाट उरली नाही तर ते इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. माझं काम सील बदलून झालं, हेडला हात लावावा लागला नाही.

होज पाइपांची तोंडं आणि क्लिपाही तशाच बघा. रेडिएटरच्या टोपणाचं रबर कडक झालं असेल तर टोपण बदला, त्यावर असलेल्या दाबाच्या आकड्याचंच. टोपण दाब धरून ठेवतं म्हणून कूलंट 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढं जातो, तेव्हा ढिलं टोपण लगेच कळतं. बाजूची जादा कूलंटची बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं दिसलं तर टोपण किंवा बाटलीची नळी कूलंट परत ओढू देत नाहीये.

गॅस्केटची खात्री घरीच होते. गाडी पूर्ण थंड असताना टोपण काढा (गरम असताना कधीच नाही, उकळतं कूलंट तोंडावर उडतं) आणि इंजिन चालू करा. बुडबुडे थांबतच नसतील, ऑइल दुधाळ झालं असेल, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं असू शकतं. यातलं काहीच नसेल तर त्याला आधी पंप बघायला लावा.

आणि कमी झालेल्या कूलंटच्या जागी बोअरचं पाणी ओतत असाल तर आजपासून बंद करा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार माठावर कसा चढतो ते तुम्ही बघताच, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तसाच चढतो. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं. कूलंटच्या डब्यावर मिसळायला सांगितलं असेल तर तेच, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. भरल्यावर आत अडकलेली हवा (एअर) काढा, नाहीतर नवं कूलंट टाकूनही गाडी तापेल. काढलेलं जुनं कूलंट अंगणात ओतू नका. चवीला गोड असल्यानं कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोड्यानंही मरतात.