वाचकांचे प्रश्न : रॉटविलर घरात आणावा का?

प्रश्न : आमचे जुळे सोलापुरात बैठे घर असून पुढे लहानसे अंगण आहे. घरात आम्ही दोघे, सहा वर्षांची मुलगी आणि काठी घेऊन चालणाऱ्या सासूबाई आहोत. यजमानांच्या मित्राकडे रॉटविलर कुत्रीला पिल्ले झाली आहेत आणि त्यांतला एक नर ते आम्हाला पंचेचाळिसाव्या दिवशी द्यायला तयार आहेत. राखणीला उपयोग होईल, दिवसा अंगणात बांधू आणि रात्री सोडू, असे यजमान म्हणतात. मला मुलीची आणि सासूबाईंची काळजी वाटते. ही जात मुळातच हिंस्र असते का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील ‘दिवसा बांधू आणि रात्री सोडू’ या शब्दांपाशी मी थांबलो. रॉटविलरच्या स्वभावाविषयी आपल्याकडे जी भीती आहे, तिच्या मुळाशी पुष्कळदा हीच सवय असते, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

जर्मनीतील रॉटवाइल या गावावरून या जातीला नाव मिळाले. तेथील खाटीक आणि गुरांचे व्यापारी जनावरांचे कळप हाकायला व मांसाच्या हातगाड्या ओढायला हे कुत्रे वापरीत. पुढे रेल्वेने गुरांची वाहतूक होऊ लागली तसे त्यांचे काम गेले, आणि १९१० मध्ये जर्मनीत पोलिसी कामासाठी त्यांना मान्यता मिळाल्यावर ही जात पुन्हा सावरली. म्हणजे दिवसभर माणसाच्या सोबत राहायचे, त्याचा शब्द ऐकायचा आणि काम करायचे, हे या कुत्र्याच्या रक्तातच आहे. असा कुत्रा साखळीला अडकवून ठेवला, की त्याला घरातली माणसे आणि बाहेरची माणसे यांतला फरक शिकायला संधीच उरत नाही. फाटकाशी येणारा प्रत्येक जण त्याला सारखाच संशयास्पद वाटू लागतो. होटगी रस्त्यावरील एका बंगल्यात मी असा एक नर तपासला होता. साखळी जेवढी लांब तेवढ्या अंतरावर मातीत अर्धगोल चर पडला होता, आणि गळ्याभोवतीचे केस पट्ट्याने घासून गेले होते. तो चावरा झाला म्हणून मला बोलावले होते. त्या चरात त्याची दोन वर्षे गेली होती, हे मात्र मालकांच्या लक्षात आले नव्हते.

जात मुळातच हिंस्र नाही, हे मी खात्रीने सांगतो. चांगल्या वळणाचा रॉटविलर घरात शांत असतो, अनोळखी माणसाशी लगट करीत नाही, आणि आपल्या माणसाच्या पायाला सगळे अंग टेकवून उभा राहतो. मात्र तो सोपा नाही. पूर्ण वाढलेला नर सुमारे ५० किलोंचा असतो, त्याच्या जबड्यात मोठी ताकद असते, आणि त्याची एक चूकही दुसऱ्याला फार महागात पडू शकते. तुमच्या घरात मला चाव्यापेक्षा धक्क्याची भीती अधिक वाटते. कळप हाकणाऱ्या या कुत्र्याला अंगाने ढकलण्याची उपजत सवय असते, आणि प्रेमाने टेकवलेले त्याचे अंगसुद्धा सासूबाईंच्या काठीला पेलणार नाही. म्हणून कोणी जवळ आले, की आधी खाली बसायचे, हे त्याला पिल्लूपणापासून शिकवावे लागेल. मुलगी आणि कुत्रा यांना एकत्र सोडून कोणी मोठ्या माणसाने दुसऱ्या खोलीत जाऊ नये. कुत्रा कितीही गरीब असला तरी हा नियम मोडू नये.

पिल्लू पंचेचाळिसाव्या दिवशी घेऊ नका. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत ते आई आणि भावंडांसोबत राहू द्या, कारण जोराने चावले की समोरचा खेळ थांबवतो, हे ते तिथेच शिकते. जमल्यास त्याची आई स्वतः पाहून या. ती परक्या माणसाशी कशी वागते, यावरून पिल्लाचा बराच अंदाज येतो. या जातीच्या पिल्लांना पार्व्होचा (उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा) त्रास विशेष होतो, म्हणून लसीचे सगळे डोस सोळा आठवड्यांपर्यंत वेळेवर पूर्ण करा. मात्र तोवर त्याला घरात कोंडून ठेवू नका. उचलून न्या, सात रस्ता चौकातील वर्दळ लांबून दाखवा, रिक्षा, भाजीवाले, शाळेची मुले हे सगळे त्याच्या डोळ्यांखालून जाऊ द्या. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतील शोभेच्या दारूकामाचे आवाज तर इथल्या प्रत्येक कुत्र्याला दरवर्षी ऐकावेच लागतात; त्या रात्री त्याला आतल्या खोलीत, माणसांच्या सोबतीला ठेवावे.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे या जातीचे सर्वांत गंभीर रुग्ण एप्रिल-मे महिन्यांत येतात. काळे अंग, जाड कातडी आणि भरदार छाती यांमुळे ४२-४३ अंशांची दुपार रॉटविलरला सोसत नाही. फरशी तापलेली असताना फिरायला नेल्यास तळवे भाजतात. आपला तळहात फरशीवर पाच सेकंद ठेवून पाहावा, ठेववला नाही तर कुत्र्यालाही नेऊ नये. पहाटे आणि रात्री उशिरा फिरवावे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे त्याच्या पाण्याचा वाटा वेगळा साठवावा. घरातली जुनी सोलापुरी चादर ओली करून पंख्याखाली अंथरली तर तो आपणहून तिच्यावर पोट टेकतो. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक होत असतील, चालताना झोकांड्या जात असतील तर थंड पाण्याने अंग भिजवत पंखा लावावा आणि तसेच दवाखान्यात आणावे. वाट पाहू नये.

खाण्यात ज्वारीची भाकरी, उकडलेली अंडी, कोंबडीचे मांस (हाडांशिवाय) चालेल. कांदा, द्राक्षे, चॉकलेट आणि आपली लसणाची शेंगा चटणी अजिबात नको. वाढीच्या वयात डॉक्टरांना न विचारता कॅल्शियम देऊ नये, पिल्लाला गुबगुबीतही करू नये. त्याने कमरेचे आणि कोपराचे सांधे बिघडतात. जेवणानंतर तासभर धावू देऊ नये. पोट फुगलेले असून ओकारी आल्यासारखे होते पण काहीच बाहेर पडत नाही, असे दिसले तर तो पोटाला पीळ पडल्याचा प्रकार असू शकतो, आणि त्यात काही तासांत प्राण जातो.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने रॉटविलरसह २३ जातींवर बंदीची पावले उचलण्यास राज्यांना कळवले होते. ते परिपत्रक दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले. तरी महापालिकेकडे नोंदणीची चौकशी करावी आणि रेबीजच्या लसीचा दाखला जपून ठेवावा.

रोज दोन वेळा मिळून दीड तास यजमानांना देता येणार असेल आणि कुत्रा घरात राहणार असेल, तर पिल्लू जरूर आणा. केवळ राखणीसाठी हवा असेल तर आणू नका.

प्रश्न : आमचा चौदा महिन्यांचा रॉटविलर जेवताना जवळ गेले की गुरगुरतो. वडील त्याला काठीने मारतात, तरी सवय सुटत नाही. – एक वाचक, बार्शी

उत्तर : वडिलांना मारणे आजपासून थांबवायला सांगा. गुरगुरणे ही त्याची सूचना आहे. मार खाऊन तो सूचना देणे बंद करील आणि पुढच्या वेळी थेट चावेल. त्याला एकट्याला, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर जेवू द्या आणि लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. एरवी तो जेवत असताना तो गुरगुरत नाही इतक्या अंतरावरून जाता जाता उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा त्याच्याकडे टाका आणि न थांबता पुढे जा. तुम्ही येताना पाहून तो मान वर करून शेपूट हलवू लागला, की एक पाऊल जवळून जा. याला काही आठवडे लागतील. ही सवय अचानक लागली असेल तर आधी त्याचे दात आणि कान तपासून घ्या, कारण दुखणाऱ्या जनावराला जवळ कोणी नको असते.