नव्या सर्व्हरमध्ये ८ टीबीच्या सहा डिस्क: रेडझेड१ पुरेल का?

कार्यालयाच्या नव्या सर्व्हरमधील ८ टीबीच्या सहा हार्डडिस्कवर झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल-प्रणाली) बसवून तिथे मोठ्या व्हिडिओ फायली आणि काही व्हर्च्युअल मशीन ठेवायची आहेत, तर रेडझेड१ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी) पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुरणार नाही.

रेडझेड१मध्ये ४० टीबी जागा मिळते, हे आकर्षक आहे खरे. पण एक डिस्क गेली की तिच्या जागी नवी भरताना उरलेल्या पाचही डिस्कवरचा वापरात असलेला सगळा डेटा वाचावा लागतो आणि त्या काळात चूक दुरुस्त करायला पॅरिटी (हरवलेला डेटा पुन्हा काढण्यासाठी ठेवलेली जादा माहिती) शिल्लक नसते. झेडएफएस कोणती फाइल बिघडली ते नावानिशी सांगते, जुन्या रेड कार्डांपेक्षा (डिस्क स्वतःच एकत्र करणाऱ्या कार्डांपेक्षा) हे बरेच म्हणायचे, पण ती फाइल परत मिळत नाही. शिवाय ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने अखंड लिहिली तरी सुमारे १५ तास लागतात. प्रत्यक्षात काम चालू असताना त्याहून अधिक.

रेडझेड२मध्ये ३२ टीबी मिळतील (१०२४च्या पटीत मोजणाऱ्या यंत्रणेत सुमारे २९ दिसतील) आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकेल. तीन मिरर जोड्यांमध्ये (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा) २४ टीबीच मिळतात आणि दुसरी गेलेली डिस्क पहिलीचीच जोडीदार निघाली तर पूर्ण पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेली साठवण) जातो. मिररची खरी ताकद वेगात आहे: लहान, विखुरलेल्या वाचन-लेखनात रेडझेडचा अख्खा गट साधारण एका डिस्कइतकेच काम करतो, म्हणून व्हर्च्युअल मशीन त्यावर रखडतात. त्यामुळे सहाही डिस्कचा एकच रेडझेड२ गट करून तो व्हिडिओंसाठी राखावा, तिथे रेकॉर्डसाइझ (फाइलच्या तुकड्याचा कमाल आकार) १ एमबी ठेवावी आणि व्हर्च्युअल मशीनसाठी दोन एसएसडींचा मिरर असलेला वेगळा पूल करावा, असे मी सुचवेन.

झेडएफएसमधील सुरक्षितता पूलमध्ये नसून त्यातील प्रत्येक व्हीडेव्हमध्ये (डिस्कच्या गटामध्ये) असते, आणि एक व्हीडेव्ह गेला की सगळा पूल जातो. पुढे जागा वाढवताना ‘झेडपूल अ‍ॅड’ने एकच सुटी डिस्क जोडायला गेलात, तर झेडएफएस अडवते, तेव्हा उतावीळपणे ‘-एफ’ (सक्तीचा पर्याय) लावू नये. तो लावला तर ती डिस्क एकटी व्हीडेव्ह बनते आणि रेडझेड असलेल्या पूलमधून पुन्हा काढता येत नाही. असलेल्या रेडझेड गटातच डिस्क वाढवायची सोय ओपनझेडएफएस २.३मध्ये आली, पण त्यासाठी ‘अटॅच’ ही आज्ञा आहे. अ‍ॅशिफ्ट १२ (डिस्कच्या सेक्टरचा आकार सांगणारे मूल्य) मात्र सुरुवातीलाच द्यावा, कारण तो नंतर बदलत नाही.

डिस्क साध्या एचबीएला (डिस्क थेट यंत्रणेला दाखवणाऱ्या कार्डाला) जोडाव्यात, रेड कार्डाला नको. एसएमआर प्रकारच्या (लिहिण्याचे पट्टे एकमेकांवर चढवणाऱ्या) डिस्क टाळाव्यात. रिसिल्व्हरच्या (बदललेली डिस्क पुन्हा भरण्याच्या) वेळी त्या फार मंदावतात. स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणे) महिन्यातून एकदा लावून ठेवावा. चुकून पुसलेल्या फायली किंवा रॅन्समवेअर यांपुढे पॅरिटीचा काहीच उपयोग नसल्याने ‘झेडएफएस सेंड’ने दुसऱ्या यंत्रावर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत, प्रत पाठवावी.

पूल रिकामा आहे तोवरच एक डिस्क मुद्दाम काढून दुसरी बसवून पाहावी आणि प्रत्येक खणावर डिस्कचा सीरियल क्रमांक चिकटवावा, म्हणजे एक डिस्क बिघडलेली असताना चुकून चांगली डिस्क उपसली जाणार नाही.